पहिली डुबकी: गोझोचा किनारा की मेदेसची बोट?

भूमध्य समुद्रात पहिल्यांदा स्कूबा करायचे ठरवले तेव्हा माझ्यापुढे दोन ठिकाणे होती: माल्टाचे गोझो बेट आणि स्पेनच्या कोस्टा ब्रावा किनाऱ्यावर लेस्तार्तित गावासमोरची मेदेस बेटे. दोन्हीकडे मी नवखा म्हणूनच उतरलो, आधी मेदेसला आणि पुढच्या वर्षी गोझोला. अंदमानसारखी प्रवाळाची बाग मात्र दोन्हीकडे अपेक्षू नये. इथे असतात खडक, स्पंज आणि पोसिडोनिया या समुद्री गवताची कुरणे.

जलजीवन पाहायचे असेल, तर मेदेसचे पारडे जड आहे हे मी मोकळेपणाने मान्य करतो. किनाऱ्यापासून जेमतेम किलोमीटरभर अंतरावरच्या या सात बेटांभोवती 1983 पासून मासेमारीला बंदी आहे, आणि जवळच तेर नदी समुद्राला मिळत असल्याने पाण्यात पोषकद्रव्येही भरपूर येतात. आपल्या हेकरूच्या जातकुळीतले, माणसाला न बुजणारे मोठे ग्रूपर मला आठ मीटरांवरच दिसले. त्याच नदीमुळे पाणी कधी कधी गढूळ होते. माल्टात मोठी बारमाही नदीच नाही. गोझोत दुसऱ्या गटाचे बुडबुडे मला वीस-पंचवीस मीटरांवरूनही स्पष्ट दिसत होते.

माझा निर्णय मात्र माशांनी नव्हे, कानांनी केला. मेदेसला आमची बोट तळाशी बांधलेल्या तरंगत्या बॉयाला बांधली आणि आम्हाला दोरी धरून सरळ खाली उतरायचे होते. पाण्याचा दाब दहा मीटरांवर पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे कानांची खरी परीक्षा पहिल्या चार-पाच मीटरांतच असते, आणि नेमका तिथेच नवख्या माणसाला निवांतपणा लागतो. तिथे दोरी लाटेबरोबर हिसके देत होती आणि गट खाली ताटकळत थांबला होता. कानांत हवा ढकलून आतला-बाहेरचा दाब सारखा करण्यासाठी नाक चिमटीत धरून मी कितीदा तरी जोर केला, अर्धा मीटर वर येऊन पुन्हा उतरलो, तरी दडे सुटेनात. कान अखेर मोकळे झाले, पण ते ग्रूपर पाहतानाही माझे निम्मे लक्ष कानांकडेच होते.

गोझोत मजार इश-शिनी या खाडीत आम्ही चक्क चालत पाण्यात गेलो. गुडघाभर, कमरेएवढे, मग छातीपर्यंत, आणि पुढे वाळूच्या उतारावरून हळूहळू खाली. कान दुखू लागले की थोडे मागे सरकायचे, एवढाच उपाय पुरत होता. ही खाडी आग्नेय किनाऱ्यावर असल्याने तिथल्या नेहमीच्या वायव्य वाऱ्यापासून बरीचशी आडोशाला असते. टाकी आणि वजनाचा पट्टा अंगावर घेऊन दगडांवरून चालणे गुडघेदुखी असलेल्यांना जाचक वाटू शकेल, हे खरे. त्यांना बोट कदाचित सोयीची पडेल.

ज्यांचे कान विमानातही सहज मोकळे होतात, त्यांनी माझ्या अनुभवाला फार महत्त्व न देता मेदेस निवडायला हरकत नाही. बाकीच्यांनी, माझ्या मते, पहिली डुबकी गोझोत मारावी, शक्यतो सप्टेंबरमध्ये, जेव्हा पाणी अजून उबदार असते. मुक्काम एखाद्या दिवसाने वाढवूनच ठेवावा, कारण नाक चोंदलेले असताना उतरू नये. मी तिथे सर्दीमुळे एक दिवस काठावर बसून काढला आणि दुसऱ्या दिवशी कान विनातक्रार मोकळे झाले.