बिलावर ‘फेशियल’, गालात फिलर

पुतणीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले असताना, नाकपुडीपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेल्या रेषा भरून घेण्यासाठी मी धरमपेठेतील एका ब्यूटी सेंटरमध्ये फिलरचे इंजेक्शन घेतले. पांढरा कोट घातलेल्या बाईंना तेथे सगळे ‘डॉक्टर मॅडम’ म्हणत होते, म्हणून मी त्यांची पदवी विचारली नाही. सिरिंज आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती. खोका मागितला तेव्हा ‘इम्पोर्टेड आहे, मोठ्या पॅकमधून काढतो’ असे उत्तर मिळाले. हायलुरॉनिक ॲसिड या जेलसारख्या पदार्थाचे फिलर कारखान्यातूनच सीलबंद सिरिंजमध्ये भरून येते आणि त्यावर बॅच क्रमांक असतो, हे मला फार उशिरा कळले.

सुई टोचताच उजव्या गालात जीवघेणी कळ आली आणि नाकाशेजारची त्वचा पांढरीफटक पडली. घरी पोहोचेपर्यंत तेथे जांभळट जाळी उमटली होती. मी फोन केला, तर ‘बर्फ लावा, दोन दिवसांत उतरेल’ एवढेच सांगण्यात आले. मी ते ऐकले आणि अख्खी रात्र वाया घालवली, याची खंत अजून जात नाही.

सकाळी जाऊबाई मला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेल्या. फिलर रक्तवाहिनीत शिरल्यामुळे पुढच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटला होता. ते हायलुरॉनिक ॲसिडचे असेल तर हायलुरोनिडेझ टोचून विरघळवता येते, सिलिकॉन असेल तर तसा उतारा नाही, असे त्यांनी सांगितले. ‘नेमके काय टोचले?’ या त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण बिलावर फक्त ‘फेशियल’ लिहिले होते. वेळ न दवडता त्यांनी हायलुरोनिडेझ टोचले, ते लागूही पडले. पण नाकाशेजारी व्रण राहिला. तेच फिलर डोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गेले असते, तर तास-दीड तासात कायमची दृष्टी जाऊ शकली असती.

इंजेक्शन देणाऱ्यांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का ते आधी पाहा, सील आपल्यासमोर फोडायला लावा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा आणि हायलुरोनिडेझ तेथेच ठेवलेले आहे का ते स्पष्ट विचारा. मी तक्रार करायला गेले, तेव्हा सेंटरने ‘आम्ही फेशियलच केले’ असे सांगितले आणि ते खोडून काढणारा एकही कागद माझ्या हाती नव्हता.