सेल्फ नुसता टक करतोय? नवी बॅटरी घ्यायच्या आधी या वायरमन काकांना गाडी दाखवा

नाशिकमध्ये जुनी डिझेल गाडी सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांनी जुनी ट्रॅव्हलर घेऊन मागे बेड-किचन टाकून कॅम्पर केलाय त्यांच्यासाठी जास्त. आडगाव नाका सोडून हायवेला लागलं की टायरवाले, पाटेवाले, ट्रकची गॅरेजं सुरू होतात, त्यातलंच एका शटरचं हे दुकान. नाव कुठंच नाही, वर फक्त सेल्फ-डायनामो-वायरिंग असं रंगवलेलं आणि तेही अर्धं उडालेलं. काका साठीच्या आसपासचे, हाताखाली एक पोरगा. माझ्याकडून ५ पैकी ४.

गाडीचं दुखणं असं की कधी चावी फिरवली की लगेच चालू, कधी सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, रडत रडत फिरायचा आणि इंजिन पकडायचंच नाही, आणि गाडी तापलेली असली की नुसतं टक. वणीच्या गडावरून खाली आलो, जेवायला थांबलो आणि जेवण झाल्यावर टक. आता ही काय मारुती नाही की चार पोरं बोलावली आणि ढकलली, मागे पाण्याची टाकी, गादी, सिलेंडर, सगळा संसार भरलेला, शेवटी एका ट्रॅक्टरवाल्या भाऊने ओढून दिली तेव्हा चालू झाली.

त्याआधी शहरात दोन ठिकाणी दाखवली होती. एकाने बोनेट उघडायच्या आधीच सांगितलं बॅटरी बसली, नवी टाका, टाकली. दुसऱ्याने सेल्फ उतरवून कार्बन, बुश सगळं नवं घातलं, बिल मजबूत. दोघांनीही मीटर काही बाहेर काढला नाही. आठवडाभर बरी चालायची आणि परत तेच, आणि परत गेलं की म्हणणार गाडीच जुनी आहे साहेब, विकून टाका.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "भाऊ, आवाज कसा येतो, एकच टक, का कटकटकट?" मला आधी वाटलं टाईमपास करताय, पण अर्धं निदान त्यातच असतं म्हणे. कटकटकट असा लागोपाठ आवाज आला तर बहुतेक बॅटरी उतरलेली नाहीतर तिचं टर्मिनल सैल, म्हणजे सोलेनॉइड (सेल्फवरचा चुंबकी स्विच) ओढला जातो, सेल्फने करंट मागितला की व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो, परत ओढला जातो. एकच जोरात टक असेल तर सोलेनॉइड काम करतोय पण मोठा करंट पुढं जात नाही, मग सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, केबल खराब आहे किंवा अर्थिंग, म्हणजे इंजिनपासून बॅटरीच्या मायनसकडे करंट परत जायची वाट, गेलंय. आणि काहीच आवाज नसेल तर चावीचा स्विच आणि सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर बघायची, सेल्फला हात लावायचा नाही. सोबत हेडलाइट लावून ठेवायची, चावी फिरवल्यावर ती पार मरत असेल तर बॅटरीकडे बघा, तशीच लख्ख राहिली तर बॅटरी बिचारी निर्दोष.

मग मीटर. बॅटरी नुसती असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. पोराला सेल्फ मारायला लावला, तेव्हा बॅटरीच्या खांबांवर १०.८. डिझेलचा सेल्फ दोनशे-तीनशे अँपियर सहज खातो त्यामुळं एवढं पडणारच, ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा. इथपर्यंत सगळं ठीक. मग त्यांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर धरली आणि दुसरी थेट इंजिनच्या ब्लॉकवर, रंग नसलेल्या जागी. परत सेल्फ मारला. खरं तर इथं शून्याच्या जवळपास यायला पाहिजे, फार तर अर्धा व्होल्ट, आला २.८. म्हणजे बॅटरी १०.८ देतेय आणि सेल्फला मिळतायत जेमतेम ८, बाकीचे वाटेतच खर्च. मायनसच्या बाजूला.

काका म्हणाले बघा आता गंमत, आणि जम्परची एक केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनला चावलं. चावी फिरवली आणि इतक्या दिवसांनी सेल्फ असा घर्रकन फिरला की इंजिनने लगेच पकडलं. हीटर प्लग (चालू करायच्या आधी सिलेंडर तापवणारे) सुद्धा तापवले नव्हते. सेल्फ हळू फिरला की सिलेंडरमधली हवा दाबून पुरेशी तापतच नाही, आणि डिझेलला पेटायला तीच उष्णता लागते, स्पार्क तर नसतो. त्यामुळं लोक हीटर प्लग बदलत बसतात आणि रोग भलतीकडेच असतो.

गाडीखाली शिरून अर्थिंगची पट्टी काढली. इंजिन रबरच्या माउंटवर बसलेलं असतं त्यामुळं चासीशी जोडायला ही विणलेली तांब्याची पट्टी लागतेच. बाहेरून बरी दिसत होती, वाकवली तर आतून हिरवा भुगा पडला. आणि त्याहून भारी, कॅम्पर बनवणाऱ्याने चासीला खालून काळा कोट मारला होता आणि पट्टीचा बोल्ट त्या कोटाच्या वरूनच आवळला होता, म्हणजे लोखंडाला लोखंड लागतच नव्हतं, जो काही करंट जायचा तो आट्यांमधून. काकांनी मला अॅक्सिलरेटरच्या केबलचं वरचं आवरण दाखवलं, एका जागी वितळून चिकटलेलं. अर्थिंग मिळालं नाही की करंट अशा बारीक केबलमधून वाट काढतो. पुढंमागं ती केबल जळालीच असती, घाटात जळाली असती तर काय, विचारच नको.

नवी ३५ स्क्वेअर एमएमची केबल, दोन्हीकडे दाबून बसवलेले लग, चासी घासून चकचकीत केली, दातेरी वायसर, वरून पेट्रोलियम जेली. परत मोजलं तर ०.२. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण त्यांनी सगळं बंद करून बॅटरीतून किती करंट जातोय तेही बघितलं. ०.४ अँपियर. ऐकायला काहीच नाही, पण दिवसाचे जवळपास १० अँपियर-तास होतात, गाडी पाच दिवस उभी राहिली की १०० ची बॅटरी अर्धी. चोर निघाला मागचा इन्व्हर्टर, स्विच बंद पण मेन बॅटरीलाच जोडलेला. तो मागच्या कॅम्परच्या वेगळ्या बॅटरीवर टाकला आणि दोन बॅटऱ्यांच्या मध्ये रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, लावला, डायनामो चार्जिंग देत असेल तेव्हाच जोडणार, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. सगळं मिळून त्या नव्या बॅटरीच्या निम्म्याहून कमी पैशात झालं, जुनं सामान न मागता हातात दिलं.

आता एक गुण कुठं गेला ते. काका फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच. गाडी लावायला जागा नाही, मोठी गाडी असेल तर सर्व्हिस रोडवर अर्धी बाहेर राहते आणि मागून एसटीवाले हॉर्न मारत बसतात. मधेच एखादा ट्रकवाला आला की तुमचं काम तसंच सोडून त्याच्याकडे जाणार, त्याचा माल अडकलेला असतो हे मान्य पण आपणही तास-दीड तास चहा पीत किती बसायचं. पक्कं बिल मागितलं तर चिठ्ठीवर आकडे लिहून देतात. वॉरंटी वगैरे विचारलं तर नुसतं हसतात.

त्यामुळं सकाळी दुकान उघडतानाच जा, इंजिन गार असतानाच, म्हणजे दोष आपोआप समोर येतो. माझे दोन हीटर प्लग मेलेत, मीटर लावला तर ओपन, म्हणजे आतून तुटलेले, दाखवतात, पण ते त्यांनी मुद्दाम त्या दिवशी काढले नाहीत. जाम झालेला प्लग जोर लावून काढताना हेडमध्ये तुटला तर हेड उतरवायचं काम निघतं, म्हणून आधी तेल सोडून ठेवायचं आणि इंजिन गरम असताना हळूहळू सोडवायचा. निफाडकडची थंडी सुरू व्हायच्या आत घेऊन या म्हणालेत.