शॉवरची काच स्वतः बसवली: आठ महिन्यांनंतर, सिलिकॉन खरवडता खरवडता

रविवारी सकाळी तीन तास बाथरूममध्ये उकिडवं बसून ब्लेडने सिलिकॉन खरवडलं. कंबर अजून धरलेली आहे. तेव्हा लिहिण्यात तिखट जरा जास्त पडलं तर समजून घ्या.

काच नेहमीचीच. आठ एमएम, टफन्ड (भट्टीत तापवून कडक केलेली), ९०० बाय २००० एमएम, दार नाही, नुसतं उभं पॅनल. भिंतीला एक यू चॅनल, म्हणजे काच बसते ती खाचेची पट्टी, खाली एक, वर आधाराची दांडी. ऑनलाइन ९,८०० ला पडली. फॅब्रिकेटरने तशीच काच बसवून द्यायचे १६,५०० सांगितले होते. वरचे पैसे कशाचे विचारलं, तर म्हणाला, "साहेब, हाताचे." हात मलाही दोन आहेत, असं मनात म्हटलं आणि तिथेच फसलो.

बसवणं अवघड नाही, जड आहे. या मापाची काच ३६ किलो भरते. मेहुण्याला जेवायला बोलावलं आणि जेवणाआधी उचलायला लावलं. टफन्ड काचेच्या पोटावर बुक्की मारली तरी हूं की चूं करत नाही, पण कोपरा फरशीवर आपटला तर क्षणात साबुदाणा. म्हणून खाली आईच्या दोन जुन्या गोधड्या. काचेला भोकं भट्टीत जायच्या आधीच पाडलेली असतात, नंतर ड्रिल लावलंत की संपलं. आपण पाडायची ती फक्त टाइलला: मास्किंग टेप लावून, ड्रिलचा हॅमर (ठोके देणारा) मोड बंद ठेवून, हळू. ओळंबा घरात नव्हता, दोऱ्याला नट बांधून सोडला. दोन मीटरमध्ये भिंत सात एमएम कललेली! बिल्डरला काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. चॅनलमध्ये थोडी जागा असते, म्हणून निभावलं.

पहिले दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाआधी बाथरूम दाखवत होतो. मग सोबत आलेल्या स्क्रूंना गंज चढला. बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारातून ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे आणून बदलले. चौथ्या महिन्यात खालच्या चॅनलच्या कडेने काळी रेघ दिसायला लागली. घासली, परत आली. मग वास. पावसाळ्यात ओल्या मोज्यांना येतो ना, तसा. आणि पायपुसणं रोज ओलं. आई अजूनही बादली-तांब्यानेच अंघोळ करते आणि तीही पाट टाकून काचेच्या कोरड्या बाजूला, त्यामुळे आठवडाभर संशय तिच्यावर होता. ती गावाला गेली तरी पायपुसणं ओलंच.

कंपनीला फोन केला. "इन्स्टॉलेशन आमच्या टेक्निशियनने केलं होतं का, सर?" नाही म्हटल्यावर पुढचं संभाषण संपलंच. तीन फोन, दोन मेल, फोटो, आणि रागाच्या भरात दोन स्टार देऊन मोकळा झालो.

आता जे लिहितो ते लिहायला जड जातंय. चूक माझी होती. मी खालच्या चॅनलला आतून आणि बाहेरून, दोन्ही बाजूंनी सिलिकॉन भरलं होतं. डबल सेफ्टी! काच आणि चॅनल यांच्या फटीतून पाणी आत शिरतंच, ते थांबत नाही. बाहेरची बाजू बंद आणि आतली मोकळी असली की ते पाणी परत शॉवरच्या बाजूला उतरतं. मी आतली वाट बुजवली, म्हणून ते चॅनलमध्येच महिनोन्‌महिने कुजत राहिलं आणि टोकाशी जागा मिळेल तिथून बाहेर पाझरलं. सोबतच्या पत्रकात तिसऱ्या चित्रात हे काढलेलं आहे. पत्रक मी ड्रिलखाली धूळ पडू नये म्हणून पसरलं होतं.

रविवारी सगळं काढलं. चॅनलमधून निघालेला गाळ चहाच्या चोथ्यासारखा होता. नवं सिलिकॉन बुरशी न धरणारं आणलं, फक्त बाहेरून एक बारीक रेघ ओढली आणि २४ तास शॉवर बंद. वास गेला. स्टार चार केले, एक स्क्रूंसाठी कापलेलाच ठेवला.

काच पांढुरकी पडते ती वेगळी कटकट. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर, पाणी खारं. अंघोळ झाली की लगेच वायपर फिरवला तर डाग धरत नाहीत. घरात हे मी एकटाच करतो. बाकीच्यांचे डाग शनिवारी व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून.

पायपुसणं मात्र अजून थोडं ओलं होतं. काल मुलाची गोटी शॉवरखाली ठेवली, ती जाळीकडे न जाता काचेच्या मोकळ्या बाजूने थेट दाराशी. उतारच उलटा आहे. पाणी अडवायला मोकळ्या बाजूला ग्रॅनाइटची पट्टी बसवायचे गवंडी ८०० मागतोय. आईला ठेच लागेल, असं सांगून मी तूर्त टाळलंय.