पुढच्या चाकाचं बेअरिंग: पॅकबंद जुना स्टॉक की दुकानातला नवा सेट?

पद्मिनी असो की ॲम्बॅसेडर, गाडी शेडात वर्षानुवर्षं एकाच जागी उभी असेल तर पुढची बेअरिंगं बदलावीच लागतात. हब (चाकाचा मधला भाग) उघडा, कप (बेअरिंगची बाहेरची रिंग) पुसा आणि आतून नख फिरवा. एका बाजूला रोलरच्या अंतराअंतरावर नख अडकतं. उभ्या गाडीच्या वजनाखाली तिथलं ग्रीस बाजूला सरकलेलं असतं आणि लोखंडावर लोखंड बसून खाचा पडलेल्या असतात. असा कप धुऊन परत वापरता येत नाही. वाद सुरू होतो तो त्यापुढे: मुंबई-पुण्याकडून जुन्या काळातला न वापरलेला पॅकबंद सेट मागवायचा, की सोलापुरातच बेअरिंगच्या दुकानात नंबर सांगून नवा घ्यायचा?

जुन्या स्टॉकची बाजू लंगडी नाही. पोलाद चांगलं असतं, कोनवरचे (रोलरसकट आतल्या रिंगवरचे) आकडे खोल कोरलेले असतात, आणि गाडी होती तशीच उभी करायची हौस असेल तर त्या पिवळ्या पडलेल्या खोक्याचं समाधान वेगळंच. नंबर आजच्या यादीत सापडत नसेल, तर दुसरा रस्ताही नसतो.

त्याची एक गोष्ट मात्र फार जाचते, ती म्हणजे आतलं राखण-ग्रीस. गंज धरू नये म्हणून लावलेलं हे ग्रीस तीस-चाळीस वर्षांत वाळून मेणासारखं होतं, आणि काही ठिकाणी चक्क लाखेसारखं. कप उघडाच असतो, त्यामुळे तो पुसता येतो. कोनवर मात्र केज, म्हणजे रोलर धरून ठेवणारी जाळी असते. तिच्या खाली, रोलर आणि आतली रिंग टेकतात त्या रेषेत काय आहे ते दिसत नाही. दोन दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवा, ब्रशने घासा, ब्रेक क्लीनर मारा, तरी केजच्या कोपऱ्यातला थर निघाला की नाही याची खात्री नाही. कॉम्प्रेसरच्या हवेने कोन गरागरा फिरवून साफ करायचा मोह टाळा. कोरडे रोलर त्या वेगात खरवडतात आणि केज फुटली तर रोलर अंगावर येतात. एवढं करून थराखाली गंजाचे बारीक ठिपके निघाले, तर ते डोळ्यांना कळत नाहीत. कळतात ते गाडी रस्त्यावर आल्यावर, साठच्या पुढे येणाऱ्या घूं-घूं आवाजाने. तोवर पाकीट फोडलेलं असतं आणि माल परत घेतला जात नाही. माझा कल इथेच फिरला.

नवा सेट घेणं तुलनेने सरळ आहे. सोलापुरात यंत्रमाग, आजूबाजूला साखर कारखाने. बेअरिंगवाल्याला नंबर नवीन नसतो. गाडीचं नाव सांगून मागू नका, जुन्या कोनवरचा आणि कपवरचा असे दोन्ही नंबर लिहून न्या आणि भोक मोजायला व्हर्नियर खिशात ठेवा. कारण सांगतो. एल ४४६४३ आणि एल ४४६४९ हे दोन कोन एकाच एल ४४६१० कपात बसतात, खोकं जवळपास सारखंच दिसतं. पण पहिल्याचं भोक 25.40 मिमी, दुसऱ्याचं 26.99. काउंटरवर घाईत अदलाबदल झाली तर कपात सगळं छान बसतं आणि स्टब ॲक्सलवर, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या दांड्यावर, कोन खुळखुळतो. नकली मालाची भीती आहे, ती खोटी नाही. आकडे पुसट किंवा तिरके असतील, कपवर नंबरच नसेल, तर तो सेट ठेवून या. नव्या बेअरिंगवरचं पातळ तेल सहसा धुवावं लागत नाही, त्यावरच ग्रीस भरता येतं. माझ्या लेखी हीच निम्मी जीत.

बसवणं दोन्हीकडे सारखंच. कोन नवा आणि कप जुना असं कधीही करू नका, ऑइल सीलही त्याच वेळी बदला. जुना कप काढताना पितळी पंच आलटून-पालटून समोरासमोर ठोका. एकाच बाजूने ठोकलात तर कप तिरका होऊन हबचं भोक ओरबाडतो. नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब दुपारी गच्चीवर. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन इथे फुकटचं भट्टीकाम करतं: 50 मिमीच्या कपाला 0.04 मिमीच्या आसपास सवलत मिळते. जुन्याच कपाला ग्राइंडरने एक चीर पाडून तो उलटा धरा आणि त्यावरून ठोका. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज बद्द न राहता टणक येतो. कप हातानेच आत जात असेल तर हब झिजला आहे. पंचाने टिंब मारून तो धरवू नका, लेथवाल्याकडून स्लीव्ह बसवून घ्या.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, दोन नंबरचं. तळहातावर गोळा घेऊन कोनच्या रुंद बाजूने दाबत राहा, रोलरांमधून पलीकडे बाहेर येईपर्यंत. हबच्या पोकळीत एक तृतीयांश पुरे. ठासून भरलं तर ते घुसळून तापतं आणि सीलमधून ब्रेक शूवर उतरतं.

ॲक्सलवरचा नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट पूर्ण सैल करून फक्त बोटांनी टेकवा. नट फिरू नये म्हणून घालायच्या स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर सैल बाजूला जुळवा, घट्ट बाजूला कधीच नाही. 0.03 ते 0.10 मिमी प्ले (मोकळीक) राहायला हवा. डायल गेज नसेल तर चाक वर-खाली धरून हलवल्यावर जेमतेम जाणवेल इतका. पिन नवीच घाला.

त्यानंतर तुळजापूरला जाऊन या. परतल्यावर दोन्ही हबांना हात लावा. कोमट असतील तर ठीक. एका बाजूला हात टेकवत नसेल तर त्या बाजूचा नट घट्ट राहिलाय किंवा ब्रेक धरतोय. चाक उचलून मोकळं फिरवलं की दोन्हींतलं कोणतं ते लगेच कळतं.

जुना सेट हातात आलाच असेल तर फेकू नका. कप तपासून, कोन तेलात बुडवून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून डिकीत ठेवा. ज्या जुन्या मॉडेलांत अशा कप-कोनच्या टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेअरिंगऐवजी बॉल बेअरिंग आणि मध्ये अंतर राखणारा स्पेसर आहे, तिथे हा प्लेचा हिशोब लागू होत नाही. नट त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच आवळा.