पंप गेला म्हणून सांगितलं, आणि आमचाच पंप आम्हाला विकला

आमच्या २० टनी पोकलेनचं हायड्रॉलिक बसलं तेव्हा ऑपरेटरला मी एकच विचारायला हवं होतं: मशीन हळू चालतंय, की जोर लावत नाही? हळू म्हणजे तेल कमी पोचतंय; जोर नाही म्हणजे प्रेशर बनत नाही. मी विचारलं नाही. मेकॅनिकनंही विचारलं नाही, आणि शंका यायला हवी होती ती तिथंच.

आमचं मशीन हळू झालं होतं. बूम, आर्म, बकेट, स्विंग, दोन्ही ट्रॅक, सगळं सारखंच सुस्त. त्यानं फिल्टर कापला, बोटावर पितळी चमक घेऊन माझ्या नाकासमोर धरली. "शेठ, पंप गेला. आता चालवलात तर चुरा व्हॉल्व्हमध्ये जाईल." मी घाबरलो. हजारो तास चाललेल्या मशीनच्या फिल्टरमध्ये थोडीफार चमक असतेच, हे तेव्हा कोणाला ठाऊक! प्रेशर मोजायचा गेज त्यानं एकदाही लावला नाही. जुना पंप देऊन रिबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून नव्यासारखा केलेला, आणतो म्हणाला. चौथ्या दिवशी चकचकीत रंगवलेला पंप बसला, मशीन पळायला लागलं, पैसे चुकते केले.

दीड महिन्यात पुन्हा तेच रडगाणं.

या वेळी एका वयस्कर मेकॅनिकना बोलावलं. त्यांनी पंपाकडे बघितलंही नाही, आधी पायलट लाइनला, म्हणजे जॉयस्टिकचा इशारा मेन व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या कमी दाबाच्या तेलाच्या लाइनला, गेज जोडला. आमच्या मशीनला तिथं ३५ ते ४० बार लागतं. काटा २० च्या वर जाईना. पायलट प्रेशर नसेल तर मेन व्हॉल्व्हचे स्पूल, म्हणजे तेलाची वाट उघडणारे दांडे, पुरते सरकत नाहीत, जॉयस्टिक कितीही ओढा. "मेन पंप दोन आहेत. दोन्ही एकाच दिवशी, सारखेच कसे मरतील हो?" एवढंच बोलले.

तरी खात्री म्हणून पंपाची केस ड्रेन लाइन, म्हणजे पंपाच्या आत गळलेलं तेल टाकीत परत नेणारी नळी, सोडून बादलीत धरली. तेल चांगलं तापल्यावरही गळती थोडीच. पंप झिजला असता तर तिथं धार लागली असती. मग पायलटचं प्रेशर ठरवणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला. सीटवर ओ-रिंगचा, म्हणजे रबरी रिंगचा, नखाएवढा तुकडा अडकलेला, त्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, आणि षटकोनी डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा. म्हणजे आधीच्या माणसाला खरा दोष सापडला होता! तुकडा काढला, फाटकी ओ-रिंग तशीच ठेवली आणि बिल पंपाचं लावलं.

पंप उतरवण्याआधी नेमप्लेटचा फोटो काढा, बॉडीवर आपली खूण ठेवा. मी ठेवली नव्हती, पण नशिबानं एक होती. थिनरनं रंग पुसला तर फ्लँजच्या कडेला छिन्नीचा घाव दिसला, होज काढताना माझ्याच हातून बसलेला.

पहिल्या मेकॅनिकला फोन केला. म्हणाला, "एक्सचेंजमध्ये कधी कधी तोच फिरून येतो, शेठ."