फ्रेममधला कागद खराच होता

परवा आमच्या भावकीतल्या एका पोरानं व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. मेकॅनिकच्या एका क्लासचं ऑफिस, सनमायकाचं टेबल, मागं भिंतीवर सोनेरी फ्रेम, फ्रेमीत तीन सिंहांची राजमुद्रा आणि 'भारत सरकार'. खाली लिहिलेलं, "दादा, शासनमान्य हाय बघ. घेऊ का ॲडमिशन?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय. दहावीचा निकाल लागला की आणखी पोरं तिकडं वळणार.

मी तासगाव तालुक्यातला. २०२३ च्या जूनमध्ये आयटीआयचा फॉर्म भरायला सांगलीला आलो होतो. मोटार मेकॅनिकचा ट्रेड दोन वर्षांचा आहे हे कळलं तेव्हाच माझं तोंड वाकडं झालं होतं. स्टँडकडं परत येताना बोर्ड दिसला: सहा महिन्यांत ऑटो मेकॅनिक, शासनमान्य प्रमाणपत्र, शंभर टक्के नोकरी. मला हवं होतं तेच नेमकं लिहिलेलं. म्हणजे अर्धी चूक माझ्याच घाईची, हे आधीच कबूल करतो.

दोन दिवसांनी अण्णांना घेऊन गेलो. क्लासच्या सरांनी आधी चहा मागवला. म्हणाले, "आयटीआयचाच सिलॅबस आहे काका, फक्त सुट्ट्या काढून टाकल्यात." अण्णा हसले, मीही हसलो. सुट्ट्या काढल्या म्हणून दोन वर्षांचे सहा महिने होतात का, हा हिशोब दोघांनीही केला नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "सरकारी हाय न्हवं?" सरांनी बोटानं फ्रेम दाखवली. बेदाण्याच्या पट्टीतले १२,००० रुपये तिथल्या तिथं मोजून दिले. असे चार हप्ते, एकूण ४८,०००. पावतीवर कोर्सचं नाव कुठंच नाही, नुसतं 'साहित्य व विकास निधी'. आणि 'व्हेरिफिकेशनसाठी' म्हणून दहावीचं मूळ मार्कशीट आणि शाळेचा दाखला त्यांनी ठेवून घेतला. पैशांपेक्षा हे जास्त महागात पडलं.

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक खोली. मध्ये स्टँडवर कापीव इंजिन, लाल-पिवळा-निळा रंग दिलेलं, आतला पिस्टन दिसावा म्हणून. ते कधी सुरू व्हायचा प्रश्नच नव्हता. एक जुनी मोटारसायकल होती. तिचा कार्बोरेटर आम्ही बावीस जणांनी पाळीपाळीनं इतक्या वेळा उघडला की स्क्रूच्या खाचा गेल्या. बाहेर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, लागू झालेले; बहुतेक नव्या मोटारसायकली कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेलेल्या. नव्या गाड्यांतला बिघाड शोधायचा स्कॅनर होता, काचेच्या कपाटात, खोक्यासकट. कपाटाची किल्ली सरांकडं आणि सर कायम मीटिंगला.

२०२४ च्या जानेवारीत सर्टिफिकेट मिळालं. वरचं नाव एनसीव्हीटीच्या, म्हणजे आयटीआयचं सर्टिफिकेट देणाऱ्या केंद्राच्या परिषदेच्या, नावाशी मिळतंजुळतं, मध्ये एक शब्द जादा. शंभर टक्के नोकरी म्हणजे शंभर फुटी रोडवरच्या एका गॅरेजची चिठ्ठी. तिथल्या मिस्त्रीमामांनी कागद बघितलासुद्धा नाही. एका डिझेल गाडीच्या इंजिनाचं हेड बसवायला घेतलं होतं. म्हणाले, "बोल्ट आवळ." मी गोटी पाना घेतला आणि कोपऱ्यातला पहिला बोल्ट जीव खाऊन पुरा आवळला. दुसऱ्याला हात घालायच्या आत मामांनी माझ्या हातातनं पाना काढून घेतला. "मधनं सुरू करायचं लगा, आडवंतिडवं, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटाला टॉर्क रेंच. न्हाईतर गॅस्केट उडतंय." टॉर्क रेंच म्हणजे बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळायचा पाना; सहा महिन्यांत तो मी हातात धरला नव्हता. मामांनी हेल्पर म्हणून ठेवून घेतलं हा त्यांचा मोठेपणा.

गॅरेजात कुणी सर्टिफिकेट विचारत नाही. मेकॅनिकचं लायसन्स असा प्रकारच आपल्याकडं नाही, त्यामुळं असले क्लास वर्षानुवर्षं बिनबोभाट चालतात. कागद लागतो तो अप्रेंटिसशिपला, एसटीला, कारखान्याला. माझंही तिथंच उघडं पडलं. एसटीच्या अप्रेंटिसची जाहिरात आली, मी फाईल घेऊन विभागीय कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाईंनी सर्टिफिकेट उलटंसुलटं केलं आणि शांतपणे विचारलं, "बाळ, आयटीआयचा कोड काय तुझ्या?" माझ्याकडं कोड नव्हता. मान्यता असलेल्या आयटीआयला कोड असतो हेच मला ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मोबाईलमधला फ्रेमचा जुना फोटो पहिल्यांदा मोठा करून वाचला. उद्यम नोंदणी! आधार नंबर टाकून, आपणच आपली माहिती भरून, घरबसल्या फुकट मिळते ती. पापडवाल्या मावशींना मिळते, पिठाच्या गिरणीलाही मिळते. मुद्रा खरी, कागद खरा, क्यूआर कोडही खरा. पण तो कागद एवढंच सांगतो की हा एक छोटा धंदा आहे. शिकवायची परवानगी त्यात कुठंच नाही. शेजारच्या फ्रेमीत आयएसओ ९००१ होतं. ते कारभाराच्या पद्धतीचं असतं, अभ्यासक्रमाच्या मान्यतेशी त्याचा संबंध नाही.

म्हणून 'शासनमान्य आहे का' असं विचारूच नका. त्याला उत्तर कायम 'हो'च येतं. कोणत्या ट्रेडला, कुणाची मान्यता, कोड काय, असं विचारा. मोटार मेकॅनिक दोन वर्षं, डिझेल मेकॅनिक एक वर्ष; याहून कमी मुदतीत 'आयटीआयचंच' देतो म्हणणारा खोटं बोलतोय. आयटीआय खरी असली तरी तुमच्या ट्रेडला मान्यता आहे का ते वेगळं बघायला लागतं. सरकारच्या पोर्टलवर बघता येतं, दहा मिनिटांचं काम. कमी मुदतीचे सगळेच कोर्स बोगस नसतात. कौशल्य विकास योजनेतले खरे असतात, पण तिथं पोरांकडनं फी घेत नाहीत आणि ते आयटीआयची बरोबरीही सांगत नाहीत. गॅरेजात हात काळे करून शिकलेल्यांसाठी तर आधीच्या कामाची परीक्षा घेऊन दाखला द्यायची सोयही त्याच योजनेत झाली होती. मला हे सगळं नंतर कळलं.

मूळ मार्कशीट मात्र कुणालाही देऊ नका. चौथा हप्ता अण्णांनी उसने काढून भरला तो केवळ तेवढ्यासाठी, आणि कागद हातात येईपर्यंत त्या वर्षीची आयटीआयची प्रवेशाची फेरी कधीच उलटून गेली होती. पोलिसांत अर्ज दिलाय, पोच आहे. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जावं लागतं म्हणून तिथंही गेलो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. वकील म्हणाले, शिक्षण ही 'सेवा' धरायची का यावरच आधी वाद होईल. सरांनी ९,००० परत दिलेत, बाकीचं 'बघू'.

भावकीतल्या पोराला म्हटलं, आत जा आणि फक्त कोड विचार. रात्री त्याचा मेसेज आला: "सर म्हणत्यात, आधी दोन हजार टोकन भर, मग सांगतो."