सीडीसी वंडर: अमेरिकेतल्या अविवाहित मातांची आकडेवारी काढताना

अमेरिकेतल्या जन्मांची आकडेवारी स्वतः चाळायची असेल, तर अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या (सीडीसी) ‘सीडीसी वंडर’ या सरकारी संकेतस्थळाइतकं सोयीचं साधन नाही. पैसे लागत नाहीत, खातं उघडावं लागत नाही. १९९५ पासूनच्या जन्मनोंदी मातेचं वय, वंश, राज्य, वैवाहिक स्थिती यांनुसार मोजून मिळतात. तरीही अविवाहित मातांचा कल पाहणाऱ्याने ते जपून वापरावं. इथे चूक झाली, तर तक्त्यात ती दिसत नाही.

वापर सोपा आहे. जन्मांच्या विभागात २००७ पासूनचा संच निवडा, अटींखालचं ‘आय अ‍ॅग्री’ दाबा. ‘ग्रुप रिझल्ट्स बाय’मध्ये आधी ‘इयर’, मग ‘मॅरिटल स्टेटस’ घ्या आणि ‘सेंड’ करा. एका वेळी पाच गट लावता येतात, पण दोन-तीनपुढे जाऊ नका. तक्त्याच्या एकेका खणातले जन्म कमी होत जातात आणि १ ते ९ जन्म असलेले आकडे गोपनीयतेसाठी झाकले जातात. एक लाखाहून कमी वस्तीच्या काउंटीही (राज्यातले जिल्ह्यासारखे विभाग) सुट्या मिळत नाहीत, त्या राज्यवार एकत्र टाकलेल्या असतात.

खरी अडचण कॅलिफोर्नियाची आहे. २०१७ पासून हे राज्य मातेची वैवाहिक स्थिती नोंदवार देत नाही, राज्याचा कायदा आड येतो. देशातले ११ टक्क्यांच्या आसपास जन्म एकट्या कॅलिफोर्नियात होतात. ते सगळे तक्त्यात विवाहितही नाहीत, अविवाहितही नाहीत. अविवाहितांच्या आकड्याला एकूण जन्मांनी भागलं, तर प्रमाण ३५-३६ टक्क्यांवर येतं आणि २०१७ मध्ये मोठी घसरण झाल्यासारखं वाटतं. तशी घसरण झालेलीच नाही. छेदात फक्त विवाहित अधिक अविवाहित घ्या, मग उत्तर ४० टक्क्यांजवळ येईल. ते कॅलिफोर्निया वगळून उरलेल्या देशाचं असतं, हे तक्त्याखाली लिहा. पूर्ण देशाचा आकडा हवा असेल, तर राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राचा ‘बर्थ्स: फायनल डेटा’ हा वार्षिक अहवाल घ्या. त्यात कॅलिफोर्नियाने दिलेली एकत्रित बेरीज धरलेली असते.

त्या अहवालाखेरीज आणखी एका गोष्टीसाठी गत्यंतर नाही: जन्मदर. दर हजार अविवाहित स्त्रियांमागे किती जन्म, हे वंडर देत नाही, कारण अविवाहित स्त्रियांची लोकसंख्या त्यात नाही. आणि कल समजायला दर लागतोच. एकूण जन्मांतलं अविवाहित मातांचं प्रमाण १९४० मध्ये ३.८ टक्के होतं, १९८० मध्ये १८.४, २००९ मध्ये ४१. तेव्हापासून ते ४० च्या आसपास अडकलं आहे. दर मात्र २००८ च्या सुमाराच्या साधारण ५२ वरून २०२२ पर्यंत ३७ च्या जवळ आला, म्हणजे पाव हिश्शाहून जास्त घटला. नुसतं प्रमाण पाहणाऱ्याला काहीच बदललं नाही असं वाटेल, आणि ते चुकीचं ठरेल.

राज्यवार तुलना हा वंडरचा सगळ्यात देखणा भाग. अविवाहित मातांचं प्रमाण युटाहमध्ये २० टक्क्यांच्या आसपास, मिसिसिपीत पन्नाशीच्या पुढे. हे काही मिनिटांत नकाशावर येतं. मात्र जुन्या वर्षांत काही राज्यांच्या जन्मदाखल्यावर लग्नाचा थेट प्रश्नच नव्हता. तिथे आईवडिलांची आडनावं किंवा पितृत्वाची कबुली यांवरून अंदाज बांधला जाई. कॅलिफोर्निया आणि नेवाडा यांनी पद्धत १९९७ मध्ये बदलली. त्यामुळे त्या वर्षीची उडी दिसली, तर आधी पद्धत तपासा आणि मगच समाजाबद्दल बोला.

बातमी लिहिणाऱ्यांना एक कळकळीची विनंती: ‘अविवाहित’ म्हणजे ‘एकटी’ असं लिहू नका. दाखला फक्त लग्न विचारतो. जोडीदारासोबत राहणाऱ्या मातांचे जन्म यात निम्म्याहून जास्त आहेत, हे कुटुंबविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसतं. वंडरमध्ये ही माहिती नाही.

तक्ता ‘एक्स्पोर्ट’ने उतरवून घ्या. टॅबने तोडलेली मजकूर फाइल मिळते आणि तिच्या शेवटी तुमच्या निवडी व टिपा असतात. स्प्रेडशीटमध्ये बेरीज करताना त्या ओळी वेगळ्या पानावर हलवा, पुसू मात्र नका. वर्षभराने तोच आकडा पुन्हा काढायचा झाला, तर त्यांच्यावाचून अडतं.